बाकीचं मशीन बघून घेईल

"काकू, तुम्ही फक्त ढकला. बाकीचं मशीन बघून घेईल." दादरच्या एका जिममध्ये संध्याकाळच्या वेळी कानावर पडलेलं हे वाक्य. काकू साठीच्या आसपासच्या, पंजाबी ड्रेसखाली नवे कोरे बूट, हातात घाम टिपायला नॅपकिन. हाडं ठिसूळ होत चालली आहेत, वजनाचा व्यायाम सुरू करा, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं, आणि ते त्यांनी ट्रेनरला दोनदा ऐकवलं. ट्रेनर विशीतला, बोलायला गोड, मनानं चांगला. त्यानं त्यांना चेस्ट प्रेसच्या, म्हणजे छातीसमोरचं हँडल पुढे ढकलायच्या मशीनच्या, सीटवर बसवलं, पिन सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात हलक्या, प्लेटमध्ये सरकवली आणि धीर द्यायला म्हणून हे म्हणाला. काकूंनी ढकललं, प्लेट वर गेली, खट् करून खाली बसली, काकू हसल्या. यात कुणाचं काही चुकलं नाही. पण ते "बाकीचं" मनातून जाईना. बाकीचं म्हणजे नेमकं काय? आणि मशीन ते बघून घेतं, तेव्हा ते आपल्या अंगातल्या कुणाचं काम काढून घेतं?

वजन उचलण्यात दोन कामं असतात. एक, वजन हलवायचं. दुसरं, ते हलत असताना ठरल्या वाटेवर ठेवायचं. चेस्ट प्रेसचं हँडल लोखंडी दांड्याला जोडलेलं, दांडा एका आसाभोवती फिरणारा, त्यामुळे वाट आधीच आखलेली असते. छातीनं आणि दंडाच्या मागच्या स्नायूनं जोर लावायचा, हँडल भलतीकडे जाऊच शकत नाही. आता त्याच माणसाला बेंचवर उताणं झोपवून दोन्ही हातांत पाच-पाच किलोचे डंबेल द्या. दोन-तीन रेप, म्हणजे दोन-तीनदा वरखाली, होईस्तोवर हात थरथरायला लागतात. डावा डंबेल डोक्याकडे सरकतो, उजवा बाहेर पडू बघतो, मनगट मागे मोडतं. छातीत जोर शिल्लक असतो तरी सेट, म्हणजे रेपची ती एक फेरी, थांबवावा लागतो, कारण दमलेलं असतं ते दुसरंच काहीतरी. खांद्याच्या सांध्याला घट्ट धरून ठेवणारे चार छोटे स्नायू आहेत, खांद्याचं पातं बरगड्यांशी धरून ठेवणारे आणखी काही, आणि त्याखाली पोट, कंबर, ढुंगण, जमिनीवर रोवलेले पाय. कुणी किती ताणायचं आणि कुणी कधी सैल सोडायचं, हे सगळे मिळून क्षणाक्षणाला ठरवत असतात. ही शिकवणी स्नायूंपेक्षा मेंदूची जास्त. म्हणूनच नवखा माणूस उचलतो ते वजन पहिल्या तीन-चार आठवड्यांत भराभर वाढतं, पण दंडाला टेप लावला तर आकडा जवळपास तोच. स्नायू अजून फारसा वाढलेला नसतो. आहे तो एकजुटीनं वापरायला अंग शिकलेलं असतं.

बाकीचं म्हणजे हे सगळं.

मग मशीनवर कमावलेलं शरीर खोटं का? अजिबात नाही, आणि हे ठासून सांगायला हवं, कारण रॅकपाशी, म्हणजे रॉड ठेवायच्या चौकटीपाशी, उभ्या असलेल्यांना मशीनवाल्यांना कमी लेखायची जुनी खोड आहे. मशीन आणि मुक्त वजनं (रॉड, डंबेल) या दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या प्रयोगांचे एकत्रित आढावे गेल्या काही वर्षांत निघाले. स्नायूच्या वाढीत म्हणावा असा फरक त्यांत दिसत नाही. स्नायूला ताण कळतो. तो ताण रॉडचा की केबलचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फरक पडतो ताकदीत, आणि तोही ती कशावर मोजता यावर. मशीनवर सराव केलेले मशीनवर मोजल्यास पुढे, रॉडवर सराव केलेले रॉडवर मोजल्यास पुढे. म्हणजे आपली ताकद आपल्याला पुढे कुठे खर्चायची आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

मुंबईत ती कुठे खर्च होते ते बघा. पाण्याचा कॅन वीस लिटरचा, म्हणजे २० किलो पाणी आणि वर कॅनचं वजन. तो डिस्पेन्सरवर उपडा करताना हात छातीच्या उंचीला असतात आणि कॅन अर्धा रिकामा असला तर आतलं पाणी हेलकावत ज्या बाजूला जाईल त्या बाजूला अंग खेचलं जातं. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, पण लोखंडासकट तो ३० किलोच्या आसपास भरतो, आणि लिफ्ट बंद असलेल्या दिवशीच तो संपतो. लोकलमध्ये एका हातानं कडी धरायची, दुसऱ्या हातातली बॅग लोकांच्या डोक्यांवरून रॅकवर टाकायची, आणि नेमकी तेव्हाच गाडी सांधा बदलते. मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत पाठीवर पोतं घेऊन चालणारा माथाडी, पाटीभर डबे डोक्यावर घेऊन गर्दीत वाट काढणारा डबेवाला, यांचं तर अख्खं आयुष्य दुसऱ्या कामावर उभं आहे: ओझं वाटेवर ठेवण्याच्या. पावसाळ्यात उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय मुरगळता मुरगळता सावरणारी बाई हेच काम करत असते, आणि तिच्या हातात तर वजनही नसतं, फक्त स्वतःचं शरीर असतं.

यातल्या कुठल्याही कामात पाठीला गादी नसते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. रॉडवर २० किलो चढवले की ते २० किलो. दादरला तेवढेच, डोंबिवलीलाही तेवढेच. मशीनवर लिहिलेला आकडा त्या मशीनपुरता खरा. केबलच्या काही मशीनमध्ये दोर फिरत्या पुलीतून दुहेरी होऊन येतो, तिथे ५० वर पिन लावली तरी हाताला २५ किलोच लागतात. तिरप्या लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी प्लेटींची गाडी रुळांवरून वर ढकलायच्या मशीनवर, १०० किलोच्या प्लेटी चढवल्या आणि रूळ ४५ अंशांत असले, तर पायांवर येतो साधारण ७१ किलोंचा भार, अधिक त्या गाडीच्या वजनाचा तेवढाच हिस्सा. स्मिथ मशीनच्या, म्हणजे उभ्या रुळांवरच सरकणाऱ्या, रॉडला काही ठिकाणी आतून प्रतिवजन बांधलेलं असतं, त्यामुळे नुसता रॉड किती किलोचा धरायचा हे मशीनगणिक बदलतं. म्हणून जिम बदलली की वहीतले जुने आकडे तिथेच सोडावेत आणि नव्या मशीनवर हलक्यापासून पुन्हा मोजायला लागावं. नव्या ठिकाणी ४० वर अडलेला माणूस कमजोर झालेला नसतो. उलट रॉडच्या बाबतीतही एक खबरदारी आहे. आपल्याकडच्या लहान जिममध्ये ऑलिंपिक मापाचा, २.२ मीटर लांब आणि २० किलोचा रॉड असेलच असं नाही. जागाच नसते, साडेसात फुटांच्या खोलीत सव्वासात फुटांचा रॉड ठेवला तर प्लेट चढवायला माणूस कुठे उभा राहणार? मग पाच-सहा फुटांचे बारीक रॉड येतात, कुणी सात किलोचा, कुणी दहाचा. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसतं आणि मग रॉड हातात घेऊन उभं राहायचं, वजाबाकी करायची आणि तो आकडा वहीत लिहायचा. ओतीव लोखंडाच्या जुन्या प्लेटींचंही तसंच करावं, त्यांच्यावर उठवलेला आकडा नेहमीच तंतोतंत नसतो.

मशीनमध्ये आकडा फसतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते या शहरात जास्त जाणवतं. प्लेटींची चळत दोन उभ्या दांड्यांवरून वरखाली सरकते. सरकताना घर्षण होतं. वर ढकलताना घर्षण वजनाच्या बाजूनं असतं, म्हणून जड लागतं. खाली आणताना ते आपल्या बाजूनं येतं, म्हणून हलकं लागतं. व्यायामाचा अर्धा फायदा वजन सावकाश खाली आणण्यात, आणि नेमका तोच भाग गंजलेलं मशीन चोरतं. समुद्राची दमट खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, रात्री बंद असलेली खोली: जुलैत त्या दांड्यांवर बोट फिरवलं तर तांबूस डाग लागतो. कोरड्या फडक्यानं दांडे पुसायचे, मग सिलिकॉनचा पातळ फवारा मारायचा. ग्रीस किंवा खोबरेल लावू नये. त्यात धूळ आणि केस बसतात आणि आठवड्याभरात प्लेटी अडखळायला लागतात. केबल बघायची ती टोकांपाशी आणि पुलीवर वळते तिथे. वरचं प्लास्टिक फाटून आतल्या तारा दिसत असतील तर ते मशीन त्या दिवशी वापरायचंच नाही. अडकलेली प्लेट हातानं उचलून सोडवायची नाही, आणि हरवलेल्या पिनेच्या जागी खिळा किंवा स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही. पिन अर्धी बसलेली असली तर सेटच्या मध्यावर चळत कोसळते आणि हातातलं हँडल एकदम रिकामं होतं.

एवढं सांगूनही मशीनचं मोल कमी होत नाही. स्टॉकहोममध्ये गुस्ताव झांडर या डॉक्टरानं एकोणिसाव्या शतकातच तरफा आणि वजनं लावून व्यायामाची यंत्रं उभी केली होती, आणि ती होती दुखणाईतांसाठी. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या हॅरॉल्ड झिंकिननं एकाच सांगाड्याभोवती अनेकांना व्यायाम करता येईल असं युनिव्हर्सल मशीन आणलं. आपल्या सोसायट्यांमधलं मल्टिजिम त्याच घराण्यातलं. पण खरी डोकेबाज भर घातली आर्थर जोन्स या अमेरिकन माणसानं, १९७० साली, नॉटिलस या आपल्या कंपनीच्या मशीनमधून. हातात डंबेल धरून तो कोपरातून वर उचला: सर्वांत जड केव्हा लागतो? कोपरापासून पुढचा हात जमिनीला समांतर असतो तेव्हा. त्याच्या खाली आणि वर भार उतरत जातो, कारण वजन सरळ खाली ओढतं आणि कोपरापासूनचं त्याचं आडवं अंतर बदलत राहतं. जोन्सनं गोल पुलीच्या जागी वाकड्या आकाराची चकती बसवली. चकती फिरते तशी तिची त्रिज्या बदलते, आणि स्नायू जिथे जास्त ताकदवान तिथे भार जास्त, जिथे दुबळा तिथे कमी असं जमवता येतं. मुक्त वजनाला हे जमत नाही; ते बिचारं एकाच दिशेला, जमिनीकडे, ओढू जाणतं. मांडीच्या मागच्या स्नायूला गुडघ्यातून वाकवण्याचा व्यायाम द्यायचा तर लेग कर्लसारखं सोयीचं दुसरं काही नाही. एकही पुल-अप (दांड्याला लटकून स्वतःला वर खेचणं) न येणाऱ्याला लॅट पुलडाउन (बसून वरचा दांडा खाली ओढायचं मशीन) तिथवर नेतं. कंबर दुखावलेल्याला छाती टेकून करायचं रोइंग, म्हणजे हँडल अंगाकडे ओढणं, मिळालं तर पाठीचा व्यायाम चुकत नाही. आणि शेवटच्या रेपपर्यंत दमायचं असेल आणि "सपोर्ट दे ना" म्हणायला शेजारी कुणी नसेल, तर मशीनच बरं. तिथे हरलात तर प्लेटी खाली बसतात, एवढंच.

मात्र मशीन वाट आखून देतं म्हणजे ती वाट तुमच्याच मापाची असते असं नाही. बरीच मशीन उंच माणसांच्या मापानं बनतात, आणि पाच फुटांची बाई त्यात बसली की सगळे सांधे भलतीकडे येतात. चेस्ट प्रेसला सीट इतकी वर हवी की हँडल छातीच्या मध्यावर येईल. हँडल खांद्यापाशी आलं तर कोपरं उचलली जातात आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचायला लागतं. पाय अधांतरी राहत असतील तर खाली दोन प्लेटी किंवा पाट ठेवावा, लाजू नये. बसून गुडघा सरळ करायच्या लेग एक्स्टेन्शनला मशीनचा आस बाहेरून दिसतो, बहुतेक वेळा मोठा नट किंवा ठिपका असतो. गुडघा बरोबर त्याच्या रेषेत यायला हवा. मांडी आखूड असेल तर पाठीची गादी पुढे घ्यायची, ती सरकत नसेल तर मागे जाड उशी. पायावरची गोल गादी घोट्याच्या जरा वर. लेग प्रेसमध्ये गुडघे पोटाकडे आणताना एका जागी ढुंगण गादीवरून सुटायला लागतं आणि कंबर गोल होते. त्याच्या दोन इंच आधी थांबायचं, मग गाडी कितीही खाली जात असो. आखून दिलेल्या वाटेत चुकीचं माप हजार वेळा तसंच्या तसं होतं. मुक्त वजनात अंग निदान दर रेपला थोडं सावरून घेतं.

आणि मशीन म्हणजे सुरक्षित, हा समज तर ठिसूळ हाडांच्या बाबतीत उलटा पडू शकतो. जिमच्या ज्या कोपऱ्यात काकूंना नेतात, तिथेच बसून पोट दुमडायचं मशीन असतं: खांद्यांवर गाद्या, समोर भार, आणि पाठ गोल करत पुढे वाकायचं. मणक्याचं हाड विरळ झालेलं असताना भार घेऊन पुढे वाकणं हीच टाळायची हालचाल, कारण मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येऊन तो पिचकू शकतो. ते मशीन गोंडस दिसतं, वजन कमी दिसतं, आणि सगळ्यात आधी तेच वर्ज्य. उलट जे भीतीदायक दिसतं त्याच्याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला लिफ्टमॉर प्रयोग काय सांगतो ते ऐका. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका, सरासरी वय पासष्ट. त्यातल्या एका गटानं आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून उचलणं), स्क्वॉट (खांद्यांवर रॉड घेऊन बैठक) आणि डोक्यावर रॉड ढकलण्याचा व्यायाम केला, पाच रेपचे पाच सेट, एका वेळी उचलता येईल त्या कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर. जोडीला उड्या. कमरेच्या मणक्याची घनता त्यांच्यात २.९ टक्के वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्के घटली. यात दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. शिकवणारा माणूस सतत शेजारी उभा होता. आणि पहिला महिना हलक्या वजनावर फक्त हालचाल शिकण्यात गेला.

तो महिना आपल्याकडे कुणी देत नाही.

साठीच्या बाईसाठी तो महिना असा काढता येतो. डॉक्टरांना विचारून झालं की पहिले दोन आठवडे लेग प्रेस, बसून करायचं रोइंग आणि चेस्ट प्रेस, हलक्या वजनावर दहा-बारा रेपचे दोन दोन सेट. अंगाला जोर लावायची सवय होते आणि मनातली भीती जाते. हे काम मशीन फार मायेनं करतं. पण त्याच दिवसापासून रोज दोन व्यायाम बिनमशीनचे. पहिला, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि तीन मोजत सावकाश बसायचं, आठ वेळा. दुसरा, पाठीवर काठी उभी धरून कमरेतून वाकायचं: डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे. एक जागा सुटली की तिथेच थांबायचं. तिसऱ्या आठवड्यात चार किलोचा डंबेल छातीशी उभा धरून बेंचवर बसण्या-उठण्याची बैठक, आणि दोन हातांत पाच-पाच किलो घेऊन जिमच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालणं, खांदे खाली, नजर समोर. ६५ च्या पुढच्या माणसांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि तोल गादीवर बसून शिकता येत नाही. वाढवण्याचा हिशोबही इथे सोपा पडतो. मशीनची चळत बहुधा पाच पाच किलोंनी वाढते; १५ वरून २० म्हणजे एका उडीत एक तृतीयांश. अशा वेळी वजन तेच ठेवून आठ रेपवरून बारापर्यंत जायचं आणि मगच पिन खाली सरकवायची. रॉडवर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या प्लेटी चढवल्या की वाढ फक्त अडीच किलोंची.

मुंबईला हे मुळात नवं नाही. लालबाग-परळकडे चाळींच्या तळमजल्यावर व्यायामशाळा असत आणि काही अजून आहेत. भिंतीवर मारुती, कोपऱ्यात लाकडी मुद्गल, हाताळून गुळगुळीत झालेला रॉड, चुन्याचा आणि तेलाचा मिसळलेला वास. गिरणीच्या पाळीवरून सुटलेली माणसं तिथे आधी जोर काढत, बैठका मारत, मग लोखंडाला हात लावत. साध्या जोरात माणूस स्वतःच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर पेलतो, म्हणजे साठ किलोचा पोरगा बिनपैशाचे चाळीस किलो ढकलत असतो, शरीर फळीसारखं ताठ ठेवून. तो क्रम शहाणपणाचा होता. आज वातानुकूलित जिममध्ये पहिल्याच दिवशी मशीनची रांग दाखवतात, आणि फ्री वेट्सचा, म्हणजे रॉड-डंबेलचा, भाग आतल्या बाजूला, आरशासमोर, तरण्या मुलांनी व्यापलेला. नवखा माणूस, विशेषतः बाई, तिथे पाय टाकायला बिचकते. मला याचंच जास्त वाईट वाटतं. रॉड धोकादायक आहे म्हणून लोक त्याला टाळत नाहीत. तो कसा ठेवायचा आणि कसा सोडायचा हे कुणी दाखवत नाही म्हणून टाळतात.

तर ते दाखवायलाच हवं. स्क्वॉटसाठी रॉड रॅकच्या हुकांवर छातीच्या मध्याच्या उंचीला ठेवायचा. उचलताना टाचा वर कराव्या लागल्या तर हुक फार उंच आहेत. अडलेला रॉड झेलणाऱ्या आडव्या सेफ्टी दांड्या लावायच्या त्या, आपण सर्वांत खाली बसल्यावर रॉड जिथे येतो त्याच्या दोन बोटं खाली. पहिल्या दिवशी रिकाम्या रॉडनं मुद्दाम खाली बसून रॉड त्या दांड्यांवर ठेवून बाहेर यायचं. हरायची तालीम एकदा झाली की जिंकायला पाठ मोकळी होते. बेंचवर उताणं झोपून रॉड ढकलायच्या बेंच प्रेसला डोळे रॉडच्या बरोबर खाली, अंगठा रॉडभोवती वळवलेला. अंगठा मोकळा ठेवला तर घामट तळव्यावरून रॉड सरळ छातीवर घसरतो. रॅक नसेल, शेजारी कुणी नसेल, तर बेंचवर प्लेटी अडवणारे बाजूचे क्लिप लावायचे नाहीत, म्हणजे अडकल्यावर एक बाजू कलती करून प्लेटी खाली पाडता येतात. सेफ्टी दांड्या असतील तर क्लिप जरूर लावायचे. डेडलिफ्टची गोची आपल्याकडे वेगळीच. ऑलिंपिकच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर, म्हणून रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आपल्या १० किलोच्या लोखंडी प्लेटी त्याहून बऱ्याच लहान, रॉड नडगीच्या खालच्या भागात जातो, आणि तिथपर्यंत पोहोचायला पाठ गोल होते. मग "डेडलिफ्टनं कंबर गेली" अशी ओरड होते. दोन्ही बाजूंच्या प्लेटींखाली सारख्या जाडीच्या आणखी प्लेटी किंवा लाकडी ठोकळे सरकवावेत, रॉड नडगीच्या मध्यावर आणावा, मगच उचलावा. खालच्या मजल्यावर बिऱ्हाड असेल तर खाली रबराच्या जाड लाद्या, आणि रॉड टाकायचा नाही, ठेवायचा. सावकाश ठेवण्यातही ताकद वाढतेच.

मला विचाराल तर क्रम असा असावा. अंग ताजं असताना, वॉर्मअप झाल्यावर, उभ्यानं करायचे एक-दोन मोठे व्यायाम रॉडवर किंवा डंबेलवर. तोलाचं काम दमल्यावर बिघडतं, म्हणून ते आधी. मग मशीनवर, जिथे मन लावून एकेक स्नायू दमवायचा आहे तिथे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननंही २००९ च्या आपल्या भूमिकेत नवख्यांना दोन्ही सांगितली आहेत आणि पुढे गेलेल्यांसाठी मुक्त वजनांवर जास्त भर दिला आहे. सोसायटीच्या बारा बाय पंधराच्या खोलीत नवं काही घ्यायचं असेल तर पाच मशीनऐवजी एक रॅक, खोलीत मावेल तेवढ्या लांबीचा एक रॉड, शंभर किलो प्लेटी (त्यात सव्वा किलोच्या दोन असायलाच हव्यात), मागेपुढे होणारा एक बेंच, दोन ते पंधरा किलोंचे डंबेल, आणि एकच केबलचा खांब. तेवढ्यात आजोबांपासून नातीपर्यंत सगळ्यांचं भागतं.

संध्याकाळी साडेसातला रॅक एक आणि माणसं चार, हे इथलं रोजचंच. परत फिरू नये. "दादा, अजून किती सेट?" असं विचारलं की बहुतेक जण आत घेतात, आणि आळीपाळीनं केलं तर मधली विश्रांतीही आपोआप नीट होते. फक्त आपल्या पाळीला वजन उतरवताना एक प्लेट या बाजूची, मग एक त्या बाजूची काढायची. घाईत एका बाजूच्या सगळ्या काढल्या की रॅकवरचा रॉड दुसऱ्या बाजूनं उलटतो, आणि तो ज्या टोकानं वर उडतो तिथे प्लेट काढणाऱ्याचं तोंड असतं.